नोकरदार खेळाडूंचा राष्ट्रीय संघ

फुटबॉलमध्ये एखाद्या देशाच्या संघाची प्रतिष्ठा सहसा विश्वचषकातील कामगिरीवरून ठरवली जाते. परंतु भारतीय संघाला हे माप लावण्याची सोयच नाही, कारण पुरुषांच्या विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत भारत आजवर एकदाही खेळलेला नाही. या संघाच्या नावावर जी महत्त्वाची कामगिरी आहे ती बहुतेक सगळी बहुक्रीडा स्पर्धांमधली, म्हणजे एका यजमान शहरात ठरावीक दिवसांत अनेक खेळांचे सामने एकत्र भरवले जातात आणि मिळालेली पदके त्या त्या देशाच्या खात्यावर मांडली जातात, अशा स्पर्धांमधली आहे. 1948 ते 1960 या काळात सलग चार ऑलिम्पिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ खेळला, तर आशियाई क्रीडा स्पर्धांत त्याने 1951 आणि 1962 साली सुवर्णपदक व 1970 साली कांस्यपदक मिळवले. हा आलेख असा अचानक चढला का आणि पुढे असा उतरला का, याचे उत्तर शोधताना खेळाडूंच्या पायांतील कौशल्याइतकेच त्यांच्या नोकऱ्यांकडे आणि त्या त्या काळी कोणाला खेळू द्यायचे याविषयीच्या नियमांकडेही पाहावे लागते.

हेच चित्र आधी यवतमाळच्या बाजूने पाहू. हा जिल्हा ज्या अमरावती विभागात मोडतो, त्या विभागाचा ऑलिम्पिकशी पहिला संबंध आला तो व्यायामशाळेच्या वाटेने: अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. त्याआधी 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला गेलेल्या भारतीय पथकाची मुळे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानात होती आणि त्या पथकामागे सर दोराबजी टाटा यांचा पुढाकार व पैसा होता; त्यात धावपटू होते, कुस्तीगीर होते, फुटबॉलपटू मात्र नव्हते. मराठी मुलखात फुटबॉल रुजला तो लष्करी छावण्यांच्या आसपास आणि मुंबईच्या गिरण्या-कंपन्यांच्या छायेत. विदर्भात त्याचे ठाणे नागपूर आणि त्याला लागून असलेली कामठीची छावणी हे राहिले. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात छावणीही नव्हती आणि मैदानाची मातीही या खेळाला फारशी धार्जिणी नव्हती, कारण काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात बुटाच्या तळव्याला इतकी चिकटते की दहा पावलांत पाय जड होतो आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत घोटा मुरगळण्याची भीती असते. पावसात बूट काढून ठेवून अनवाणी खेळणे हा अशा ठिकाणी हौसेचा नव्हे, व्यवहाराचा भाग असतो, आणि भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक संघाकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

तो संघ 31 जुलै 1948 रोजी लंडनजवळच्या इलफर्ड येथे फ्रान्सविरुद्ध मैदानात उतरला तेव्हा त्यातील बहुसंख्य खेळाडूंच्या पायांत बूट नव्हते. नागा टेकड्यांतून आलेले आणि वैद्यकाचे शिक्षण घेतलेले तालिमेरेन आओ हे कर्णधार होते, आणि संघाच्या यादीत रामचंद्र परब हे मराठी नावही आढळते. पूर्वार्धात फ्रान्सने आघाडी घेतली, उत्तरार्धात सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली आणि खेळ संपायला मिनिटभर उरले असताना फ्रान्सने दुसरा गोल केला. या 1-2 च्या पराभवात भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या होत्या. पेनल्टी म्हणजे गोलपासून बारा यार्डांवरून, समोर फक्त गोलरक्षक असताना मारायचा फटका. त्या दोन संधींपैकी एकीचे जरी सोने झाले असते तरी सामना लांबला असता. बघ्यांना कौतुक वाटले ते मात्र अनवाणी पायांचे, आणि त्या कौतुकाच्या भरात संघाच्या खेळाची चिकित्सा काहीशी मागे पडली, असे म्हणायला जागा आहे.

अनवाणी पायांवरूनच पुढे एक दंतकथा तयार झाली. 1950 साली ब्राझीलमध्ये झालेल्या विश्वचषकात जागा मिळूनही भारत गेला नाही, याचे कारण बूट न घालता खेळण्यास आंतरराष्ट्रीय महासंघाने केलेली मनाई हे होते, असे अनेक वर्षे सांगितले जाई. प्रत्यक्षात कारण अधिक गद्य स्वरूपाचे होते: त्या वेळच्या क्रीडा-प्रशासकांच्या लेखी ऑलिम्पिक हीच सर्वोच्च स्पर्धा होती आणि विश्वचषकाचे महत्त्व त्यांना उमगलेले नव्हते. 1937 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने निवडलेली ही दिशा तेव्हा वेडेपणाची वाटली नसावी. हॉकीची सुवर्णपदके ऑलिम्पिकमधूनच येत होती, सरकार आणि वृत्तपत्रे ऑलिम्पिककडेच डोळे लावून बसत, आणि समुद्रापलीकडच्या एकाच खेळाच्या स्पर्धेसाठी वेगळा संघ पाठवण्याची कल्पना परकी होती. भारतीय फुटबॉलची गाडी बहुक्रीडा स्पर्धांच्या रुळांवर पडली ती येथे.

ऑलिम्पिकची आणखी एक अट भारताच्या पथ्यावर पडणारी होती. तेथे फक्त हौशी खेळाडूंना, म्हणजे खेळण्याबद्दल वेतन न घेणाऱ्यांना प्रवेश होता. त्यामुळे इंग्लंड, इटली किंवा फ्रान्सचे व्यावसायिक खेळाडू बाहेर राहत. पूर्व युरोपातील साम्यवादी देशांनी या अटीतून वाट काढली होती: त्यांचे उत्तम खेळाडू कागदोपत्री सैनिक किंवा सरकारी नोकर असत आणि दिवसभर फुटबॉल खेळत. भारतातही एक लहानसा, गरीब पण त्याच जातीचा प्रकार नांदत होता. हैदराबादचे पोलीस, रेल्वे, लष्कर आणि मुंबईच्या टाटा, कॅलटेक्स यांसारख्या कंपन्या चांगल्या खेळाडूला नोकरी देत. तो सकाळी कचेरीत हजेरी लावे, दुपारी सरावाला सुटे, महिनाअखेर पगार घेई आणि नियमाच्या दृष्टीने निखळ हौशी राही. मुंबईत या कंपन्यांचे संघ हारवूड लीगमध्ये खेळत आणि 1891 पासून चालत आलेल्या रोव्हर्स चषकासाठी कूपरेज मैदानावर देशभरचे संघ उतरत. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हा चषक हैदराबाद सिटी पोलीस या संघाने नेला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक होते, आणि राष्ट्रीय संघाची सूत्रेही याच काळात त्यांच्या हाती आली.

रहीम यांच्या हाताखाली मिळालेले पहिले यश घरच्या मैदानावरचे होते. 1951 च्या मार्च महिन्यात दिल्लीत पहिली आशियाई क्रीडा स्पर्धा झाली, तिच्यात फुटबॉलचे सहाच संघ होते, आणि भारताने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांना प्रत्येकी 3-0 असे हरवून अंतिम सामन्यात शेव मेवालाल यांच्या गोलवर इराणला 1-0 असे नमवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असे झोडपून काढले. त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मराठी वाचकांच्या स्मरणात इतके ठळक बसले की फुटबॉलची ती नामुष्की सहसा कोणी काढत नाही. महासंघाने मात्र त्या पराभवातून एक धडा तातडीने घेतला आणि बूट सक्तीचे केले.

1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकची कहाणी सांगताना अतिशयोक्तीचा मोह आवरावा लागतो. त्या वर्षी अनेक देशांनी माघार घेतल्यामुळे फुटबॉलमध्ये अकराच संघ उरले होते. भारताचा पहिला सामना हंगेरीशी ठरला होता, पण सोव्हिएत रणगाड्यांखाली भरडल्या गेलेल्या हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. म्हणजे प्रतिस्पर्धी हजर नसल्यामुळे न खेळताच विजयी ठरवण्यात आले. त्यानंतर 1 डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध जे घडले ते मात्र कोणाच्या गैरहजेरीमुळे घडलेले नव्हते. टाटांच्या संघातून खेळणारे, मूळचे गोव्याच्या आसगावचे आणि मुंबईत नावारूपाला आलेले नेव्हिल डिसूझा यांनी नवव्या, तेहेतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला गोल केले. एकाच खेळाडूने एका सामन्यात तीन गोल करण्याला हॅटट्रिक म्हणतात, आणि ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारे डिसूझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. ऑस्ट्रेलियाने दोनदा बरोबरी साधली होती. डिसूझा यांच्या तिसऱ्या गोलने आघाडी पक्की झाली आणि चौथा गोल कृष्णस्वामी यांनी केला. 4-2 असा तो विजय.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर होता. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढवले त्यांना भारताने पूर्वार्धात गोल करू दिला नाही, आणि बावन्नाव्या मिनिटाला डिसूझा यांनीच भारताला आघाडी मिळवून दिली. ती आघाडी दोन मिनिटे टिकली. चोपन्नाव्या मिनिटाला बरोबरी झाली, सत्तावन्नाव्याला आघाडी गेली आणि सामना 1-4 असा संपला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने 3-0 असा विजय मिळवला. चार गोलांसह डिसूझा हे स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक राहिले. चौथा क्रमांक हा शब्द ऐकायला जितका भारदस्त आहे तितकी ती वाट खडतर नव्हती, हे खरेच. परंतु 1952 च्या 1-10 कडून 1956 च्या 1-4 कडे येताना मधल्या चार वर्षांत संघाच्या घडणीत काय बदलले, हा प्रश्न क्रमांकाहून अधिक मोलाचा आहे. रहीम यांनी चेंडू पायाशी खेळवत बसण्याची सवय मोडून छोट्या, चटकन दिल्या जाणाऱ्या पासवर भर दिला, दोन्ही पायांनी खेळता यावे म्हणून केवळ कमकुवत पाय वापरायचे सामने भरवले, आणि हंगेरीच्या धर्तीवर आघाडीच्या मधल्या खेळाडूला थोडे मागे खेचून प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंना पेचात टाकणारी रचना अंगीकारली. डिसूझा यांना गोलसमोर मोकळी जागा सापडत गेली ती या रचनेमुळे.

1958 साली टोकियोच्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तो पात्रता फेरी पार करून गेला आणि हंगेरी, फ्रान्स व पेरू यांच्या गटात पडला. हंगेरीशी 1-2 आणि पेरूशी 1-3 असा पराभव झाला, फ्रान्सविरुद्ध कर्णधार पी. के. बॅनर्जी यांच्या गोलमुळे सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. ऑलिम्पिकच्या मैदानावरील भारतीय फुटबॉलचे हे शेवटचे दर्शन ठरले. चार ऑलिम्पिकमध्ये प्रत्यक्ष खेळलेले आठ सामने, त्यांत एक विजय, एक बरोबरी, सहा पराभव, केलेले दहा गोल आणि खाल्लेले सत्तावीस, असा तो एकूण हिशेब आहे, आणि दहांपैकी चार गोल टाटांच्या एका नोकरदाराचे आहेत.

दोन वर्षांनी जकार्तातील आशियाई स्पर्धेत जे घडले त्यासाठी मात्र गुणफलकापलीकडचा संदर्भ लागतो. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना स्पर्धेत येऊ दिले नव्हते. आशियाई स्पर्धेच्या कल्पनेचे एक जनक असलेले गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला, आणि त्याचा राग जकार्तातील जमावाने भारतीयांवर काढला. भारतीय दूतावासावर हल्ला झाला, खेळाडूंनी बसमध्ये खिडक्यांखाली वाकून प्रवास केल्याच्या आठवणी पुढे सांगितल्या गेल्या. दक्षिण कोरियाकडून पहिलाच सामना 0-2 असा हरलेल्या भारताने त्यानंतर थायलंडला 4-1 आणि जपानला 2-0 असे हरवले होते, पण थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंग यांचे डोके फुटले. टाके पडलेल्या या खेळाडूला बसवून ठेवण्याऐवजी रहीम यांनी त्याला पुढे, थेट आघाडीच्या मधल्या जागी खेळवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर 3-2 असा विजय मिळाला आणि 4 सप्टेंबर 1962 रोजी, प्रतिकूल घोषणांनी दणाणलेल्या भव्य सेनायन मैदानावर, पहिल्या वीस मिनिटांतच बॅनर्जी आणि जर्नेल यांच्या गोलमुळे भारताने दक्षिण कोरियाविरुद्ध दोन गोलांची आघाडी घेतली. कोरियाला उत्तर सापडले ते शेवटच्या पाच मिनिटांत, एकाच गोलपुरते. ज्याचे काम गोल अडवण्याचे त्याने उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल करावा, हा डाव कागदावर जुगारच होता.

चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील या संघात मुंबईच्या वाटेने आलेले दोघे होते: बचावफळीत कॅलटेक्सचे चंद्रशेखर, जे मूळचे केरळचे, आणि मधल्या फळीत फॉर्च्युनाटो फ्रँको, जे मूळचे गोव्याचे. 1956 आणि 1960 च्या ऑलिम्पिक संघांतील गोलरक्षक नारायण हेही मुंबईचेच, घराणे केरळचे. डिसूझा धरून ही नावे एकत्र वाचली की एक गोष्ट दिसते: मुंबईने राष्ट्रीय संघाला खेळाडू दिले ते मातीतून उगवलेले कमी आणि नोकरीने ओढून आणलेले जास्त. केरळ किंवा गोव्यातील कुटुंबाला मुंबईत भाकरी होती, भाकरीबरोबर कूपरेज होते, आणि कूपरेजवरून रहीम यांच्या शिबिराकडे रस्ता जात होता. रहीम स्वतः जकार्तातच कर्करोगाने पोखरलेले होते; जून 1963 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर आधारलेल्या ‘मैदान’ या 2024 च्या हिंदी चित्रपटामुळे हे सारे तरुण प्रेक्षकांपर्यंत पोचले असले, तरी चित्रपटाच्या स्वभावानुसार त्यात एका माणसाची जिद्द पुढे येते आणि त्या जिद्दीला माणसे पुरवणारी कचेरी पडद्यामागे राहते.

त्यानंतरची उतरण कोणा एका चुकीने झाली नाही. 1964 च्या ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत इराणने भारताला बाहेर काढले. जपान, कोरिया आणि पश्चिम आशियातील देश तोवर फुटबॉलवर पद्धतशीर पैसा आणि वेळ खर्च करू लागले होते. 1970 च्या बँकॉक स्पर्धेत जपानला 1-0 असे हरवून मिळवलेले कांस्यपदक हे मागे वळून पाहता निरोपाचे पदक ठरले. 1982 साली दिल्लीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, उपांत्यपूर्व सामन्यात सौदी अरेबियाने अगदी अखेरच्या मिनिटांत गोल करून भारताला 1-0 असे बाहेर काढले. 1990 आणि 1994 च्या आशियाई स्पर्धांत भारतीय फुटबॉल संघ नव्हताच. दक्षिण आशियाई स्पर्धांमध्ये 1985, 1987 आणि 1995 ची सुवर्णपदके आली, पण तो शेजाऱ्यांमधला खेळ होता. महिला संघाने याच स्पर्धेत 2010, 2016 आणि 2019 अशी ओळीने तीन सुवर्णपदके मिळवली, आणि त्यांची जितकी दखल घेतली जायला हवी होती तितकी घेतली गेली नाही. गोव्याची एक वेगळी नोंदही येथे करायला हवी: पोर्तुगीज भाषेचा वारसा असलेल्या प्रदेशांची लुसोफोनिया क्रीडा स्पर्धा जानेवारी 2014 मध्ये गोव्यात झाली, तेव्हा ‘गोवा-भारत’ अशा नावाने उतरलेल्या पुरुष संघाने अंतिम सामन्यात मोझांबिकला हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक घेतले.

दरम्यान नियम आणि नोकऱ्या दोन्ही पालटल्या. ऑलिम्पिकमधील हौशीपणाची अट गळून पडली, आणि 1992 पासून तेथे फुटबॉल मुख्यतः 23 वर्षांखालील खेळाडूंचा झाला. आशियाई स्पर्धेनेही 2002 पासून तीन मोठ्या वयाच्या खेळाडूंची मुभा ठेवून हीच मर्यादा स्वीकारली. इकडे कॅलटेक्स कंपनी सत्तरच्या दशकात हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली, मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, आणि महिंद्रा युनायटेड हा उद्योगसमूहाने पोसलेला मोठा संघही 2010 साली विसर्जित झाला. कंपनीच्या संघाची जागा व्यावसायिक क्लबने घेतली. खेळाडूच्या दृष्टीने पगार वाढला, ही चांगलीच गोष्ट झाली. राष्ट्रीय संघाच्या दृष्टीने अडचण अशी की आशियाई क्रीडा स्पर्धा आंतरराष्ट्रीय महासंघाने राखून ठेवलेल्या तारखांत येत नसल्यामुळे तिच्यासाठी खेळाडू सोडणे क्लबवर बंधनकारक नसते. 1956 साली टाटांच्या कचेरीने डिसूझा यांना रजा दिली की प्रश्न मिटत होता.

यवतमाळच्या शाळकरी खेळाडूसाठी आजची शिडी अशी आहे: 1960 साली सुरू झालेल्या सुब्रतो मुखर्जी चषकासाठी शाळेचा संघ आधी जिल्हास्तरावर जिंकतो, मग अमरावती विभागात बुलढाणा, अकोला, वाशीम आणि अमरावतीच्या संघांशी खेळतो, मग राज्यस्तरावर त्याची गाठ मुंबई, पुणे आणि कोल्हापूरच्या शाळांशी पडते. मुंबईच्या पोराला आठवड्याला लीगचे सामने मिळतात आणि कोल्हापूरच्या पोराला पेठेचा संघ, पेठेतला मान आणि शाहू स्टेडियमवरचा गोंगाट. कपाशीच्या पट्ट्यातील पोराला मिळतात ते पावसाळा ओसरल्यावरचे काही आठवडे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असल्याने खेळ आणि नोकरी यांचे जुने नाते पुरते तुटलेले नाही, पण त्यात एक उलटापालट झाली आहे: पूर्वी नोकरी लागली की खेळ वाढत असे, आता प्रमाणपत्र देऊन नोकरी लागली की बहुतेकांचा खेळ संपतो.

2018 च्या जकार्ता स्पर्धेला भारताचा फुटबॉल संघ गेलाच नाही, कारण आशियातील पहिल्या आठ क्रमांकांत नसलेल्या संघाला पाठवायचे नाही असा निकष भारतीय ऑलिम्पिक संघटनेने लावला. ज्या शहरात 1962 चे सुवर्ण मिळाले त्याच शहराचे दार असे बंद झाले. 2023 मध्ये निकष शिथिल करून हांगझोऊला संघ पाठवला गेला तेव्हा क्लबांनी अनेक खेळाडू सोडले नाहीत, जे हाती लागले त्यांना घेऊन संघ सामन्याच्या आदल्या दिवशी चीनमध्ये उतरला आणि 19 सप्टेंबर रोजी यजमानांकडून 1-5 असा हरला. त्या तुकडीत कोल्हापूरचे अनिकेत जाधव आणि मुंबईचे ब्राइस मिरांडा होते, आणि मोठ्या वयाच्या मोजक्या खेळाडूंत कर्णधार सुनील छेत्री. बांगलादेशाविरुद्ध अखेरच्या मिनिटांतील छेत्री यांच्या पेनल्टीने 1-0 असा विजय मिळाला, म्यानमारशी 1-1 अशी बरोबरी झाली आणि तेवढ्यावर संघ बाद फेरीत पोचला. तेथे 28 सप्टेंबर रोजी त्याला सौदी अरेबिया भेटला, पूर्वार्ध गोलशून्य राहिला आणि सामना 0-2 असा संपला.